क्लासमध्ये सगळे आपलेच का?

प्रश्न : आम्ही पार्सिपनीला राहतो. मुलगा सातवीत आहे. मॉरिस काउंटीच्या मॅथ-सायन्स अकॅडमीला पुढच्या वर्षी अर्ज करायचा म्हणून दर रविवारी सकाळी त्याला क्लासला सोडते. परवा गाडीत बसता बसता त्याने विचारलं, "आई, माझ्या बास्केटबॉलच्या टीममध्ये ब्लॅक मुलं आहेत, स्पॅनिश बोलणारी आहेत. क्लासला मात्र सगळे इंडियन आणि चायनीज. असं का?" मी म्हटलं, त्यांना इंटरेस्ट नसेल. बोलून गेले खरी, पण माझं मलाच पटलं नाही. नवरा म्हणतो, सगळा मेहनतीचा प्रश्न आहे, त्यात रंग कशाला आणायचा? मध्ये वाचलं की न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंट शाळेत दर वर्षी सात-आठच ब्लॅक मुलांची निवड होते. हे क्लासमुळे होतं का? आणि क्लास लावून आम्ही कुणाची जागा घेतोय का?
— एक आई, पार्सिपनी

उत्तर : आकडा जवळजवळ बरोबर वाचलात. २०१९ साली स्टायव्हसंटने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला, त्यात कृष्णवर्णीय ७. २०२४ साली ७४४ पैकी १०. २०२५ साली ७८१ पैकी ८. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं मिळून साधारण दोन तृतीयांश भरतात, म्हणजे हा आकडा योगायोगाचा नाही.

स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक आणि आणखी पाच, अशा आठ शाळांचा प्रवेश एका परीक्षेवर ठरतो. शाळेतले मार्क बघत नाहीत, मुलाखत नाही, शिक्षकांची शिफारस नाही. तीन तास आणि ११४ प्रश्न. दर वर्षी पंचवीस-सव्वीस हजार मुलं बसतात आणि चारेक हजारांना जागा मिळते. पहिल्या तीन शाळांसाठी तर ही पद्धत १९७१च्या राज्य कायद्यानेच पक्की करून ठेवली आहे. २०१८ साली महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षाच काढून टाकायचं ठरवलं. चिनी पालक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले आणि पुढच्या वर्षी ऑल्बनीच्या विधिमंडळात तो प्रस्ताव बारगळला.

तुम्ही मुलाला दिलेलं उत्तर इथेच अडतं. १९८२ साली याच ब्रुकलिन टेकमध्ये निम्म्याहून किंचित जास्त मुलं कृष्णवर्णीय होती. १९७५ साली स्टायव्हसंटमध्ये ती १२ टक्के होती. कायदा आजचाच होता, प्रवेश तेव्हाही परीक्षेवरच होत होता. चाळीस वर्षांत एखाद्या समाजाची आवड किंवा बुद्धी आटत नसते. मधल्या काळात त्या वस्त्यांमधल्या माध्यमिक शाळांतले हुशार मुलांचे वेगळे वर्ग एकामागून एक बंद पडले. चमकदार कृष्णवर्णीय मुलं हेरून, त्यांना शिष्यवृत्ती देऊन खासगी शाळांत पाठवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, त्यामुळे ती मुलं या परीक्षेच्या वाटेवरूनच बाजूला झाली. आशियातून नवी कुटुंबं आली. आणि तयारीचा धंदा फोफावला.

मग क्लासचा वाटा किती? आपल्याला वाटतो त्याहून कमी, आणि जिथे आहे तिथे चांगलाच बोचणारा. एसएटीच्या क्लासचा नीट अभ्यास झालेला आहे. डेरेक ब्रिग्ज यांनी २००९ साली अनेक पाहण्या एकत्र मांडून दाखवलं की क्लासमुळे १६०० पैकी सरासरी तीसेक गुण वाढतात. जाहिरातीत छापतात तसे दोनशे नव्हेत. पण जिथे कट-ऑफच्या आसपास शेकडो मुलं एकमेकांना खेटून उभी असतात, तिथे तीन-चार प्रश्नही पुरतात.

न्यूयॉर्कच्या परीक्षेत तर तयारीला खास वाव होता. २०१६ पर्यंत त्यात विस्कटलेल्या परिच्छेदांचा एक प्रकार असायचा. पहिलं वाक्य दिलेलं, पुढची पाच उलटसुलट; ती अचूक क्रमाने लावायची, एक जरी चुकलं तरी शून्य. शिवाय तर्ककोडी. यातलं काहीही शहरातल्या सरकारी शाळेत शिकवलं जात नव्हतं. क्लासमध्ये मात्र त्याचा आठवड्याला गठ्ठा सोडवून घेत. गुण मोजायची रीतही अशी की दोन्ही विषयांत बरा असण्यापेक्षा एका विषयात अफाट असणं जास्त फायद्याचं पडायचं. हे ज्याला आधी माहीत, तो गणितात पैकीच्या पैकी मिळवण्यावर सगळा जोर लावणार. ज्याला माहीत नाही, तो शहाण्या मुलासारखा दोन्हींचा सारखा अभ्यास करणार आणि मागे राहणार. याला मेहनत म्हणायचं की खबर? माझ्या मते खबर.

पैशांचं काय, असं तुम्ही विचाराल. पैसा लागतोच, पण नुसत्या पैशाने हे कोडं सुटत नाही. न्यूयॉर्कच्या या शाळांत जाणाऱ्या आशियाई मुलांतली कितीतरी गरीब घरांतली आहेत. क्वीन्समधले बांगलादेशी टॅक्सीचालक, सनसेट पार्कमधले चिनी हॉटेल कामगार पोटाला चिमटा काढून फी भरतात. कारण मशिदीत, देवळात, चिनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून त्यांना पाचवी-सहावीतच कळलेलं असतं की अशी एक परीक्षा आहे आणि ती अमुक महिन्यात असते. शेजारच्याच वस्तीतल्या कृष्णवर्णीय किंवा डोमिनिकन आईला ते आठवीच्या ऑक्टोबरमध्ये कळतं. तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते.

आता आपल्याकडे वळू, कारण न्यूयॉर्कचं उणंदुणं काढणं हडसनच्या या काठावरून सोपं आहे.

पार्सिपनीतून रूट ४६ ने पश्चिमेला निघालात की आधी डेन्व्हिल, मग रॉकअवे, मग डोव्हर लागतं. पार्सिपनीत एक तृतीयांशाच्या आसपास वस्ती आशियाई आहे आणि त्यात आपण भारतीय सर्वांत जास्त. लेक हायवाथाच्या नॉर्थ बेव्हरविक रोडवर कोथिंबिरीच्या जुडीपासून पंचांगापर्यंत सगळं मिळतं. कृष्णवर्णीय वस्ती अगदी थोडी, त्यामुळे तुमच्या मुलाला क्लासमध्ये जे दिसलं त्यातला एक भाग निव्वळ गणिताचा आहे, हे प्रामाणिकपणे त्याला सांगायला हवं. पण त्याच रस्त्याने पुढे गेलात की डोव्हर येतं, तिथली बहुसंख्य वस्ती हिस्पॅनिक. ब्लॅकवेल स्ट्रीटवर कोलंबियन बेकऱ्या आहेत, गावाकडे पैसे पाठवायची दुकानं आहेत. मॅथ-सायन्स अकॅडमी भरते रॉकअवेच्या मॉरिस हिल्स हायस्कूलमध्ये, म्हणजे या दोन गावांच्या दरम्यान. काउंटी एकच असल्यामुळे डोव्हरच्या मुलाचा आणि तुमच्या मुलाचा तिच्यावर हक्क सारखा. निवड झाली तर फी मुलाचं गावच भरतं, जाण्यायेण्याची सोयही गावाचीच. कागदावर रस्ता दोघांना खुला आहे.

कोणत्याही रविवारी सकाळी रूट ४६ वरच्या एखाद्या प्लाझात नजर टाका. डोशाचं हॉटेल आणि नेल सलून यांच्या मध्ये ट्यूशन सेंटर. बाहेर टोयोटा-होंडांची रांग. इंजिन चालू ठेवून कुणी पुण्याच्या टीमशी सोमवारच्या रिलीजबद्दल बोलतंय, कुणी मागच्या सीटवर धाकट्याला पोहे भरवतंय. दोन गाड्यांच्या काचा खाली होतात आणि "सहावीत ॲक्सिलरेटेड मॅथला नाही घेतलं तर पालक म्हणून लेखी विनंती करता येते" ही बातमी या गाडीतून त्या गाडीत जाते. आतल्या दीड तासात मुलगा काय शिकतो ते शिकतोच, पण खरी शिकवणी या पार्किंग लॉटमध्ये चालते. काउंटीच्या शाळांना अर्ज कधी, सातवीत ॲल्जिब्रा घेता येतो का, कोणत्या काउन्सेलरला आधीच भेटावं. डोव्हरमध्ये रात्रपाळी करून झोपलेल्या आईला हा पार्किंग लॉट कुठे आहे?

आणि हे आपल्याला कसं जमतं, हेही मुलाला सांगा. देवेश कपूर, संजय चक्रवर्ती आणि निर्विकार सिंग यांचं 'द अदर वन पर्सेंट' हे अमेरिकेतल्या भारतीयांवरचं पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं असं की इथे पोचलेला भारतीय तीन चाळण्यांतून गाळला गेलेला असतो. आधी जात आणि घरची परिस्थिती, मग आपल्याकडच्या परीक्षा, आणि शेवटी अमेरिकेचा व्हिसा. तुमचा नवरा म्हणतो ती मेहनत खोटी नाही. दहावी, बारावी, सीईटी, कॅम्पस, एच-वन-बी लॉटरी हे सगळं त्याने केलेलंच असणार. पण ज्याच्या दोन्ही पालकांचं निम्मं आयुष्य परीक्षा देण्यात गेलं, त्या मुलाला परीक्षा म्हणजे घरची भाषा असते. त्याची तुलना कुठल्याच चाळणीतून न गेलेल्या घरातल्या मुलाशी करून "आम्ही मेहनती" असा निष्कर्ष काढणं, हे आपल्या घरी शिकवलेल्या स्टॅटिस्टिक्सला शोभत नाही. साताऱ्याजवळच्या गावातली आपली भावकी सगळी इथे आली असती, तर त्यांची मुलंही सगळी अकॅडमीत गेली असती का, एवढं मनाशी विचारून पाहावं.

न्यू जर्सीत आणखी एक गाठ आहे. राज्यात जवळपास ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट. जेवढी गावं जवळजवळ तेवढ्या शाळांच्या कारभारी समित्या, आणि घराच्या किमतीवर ठरलेला कर. घर घेतानाच शाळा निवडली जाते. आपण सगळ्यांनी तेच केलं, रेटिंग बघून. २०१८ च्या १७ मे रोजी, म्हणजे शाळांतली वर्णवार विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन'च्या निकालाच्या तारखेलाच, लॅटिनो ॲक्शन नेटवर्क आणि इतरांनी राज्यावर दावा लावला की या गाववार वाटणीमुळे मुलांची वर्णवार वाटणी झाली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश रॉबर्ट लॉगी यांनी अनेक डिस्ट्रिक्ट्समध्ये वर्णाच्या बाबतीत असमतोल असल्याचं मान्य केलं, पण सबंध राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरवायला नकार दिला.

गंमत म्हणजे याचा एक वेगळा मासला तुमच्या शेजारीच आहे. मॉरिसटाउन आणि त्याला वेढून असलेलं मॉरिस टाउनशिप. साठच्या दशकाअखेर टाउनशिपला स्वतःचं हायस्कूल काढायचं होतं. तसं झालं असतं तर मॉरिसटाउनच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण वाढत गेलं असतं आणि गोरी मुलं वेगळी झाली असती. 'जेन्किन्स विरुद्ध मॉरिस टाउनशिप' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितलं की असं होऊ नये म्हणून दोन डिस्ट्रिक्ट एकत्र करायचा अधिकार राज्याच्या शिक्षण आयुक्तांना आहे. डिस्ट्रिक्ट एकत्र झाले आणि आजही एकच आहेत. पन्नास वर्षांपूर्वी हे पार्सिपनीपासून काही मैलांवर घडलं, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते ठाऊक आहे, कारण घर बघताना रिअल इस्टेट एजंट हे सांगत नाही.

काउंटीच्या या अकॅडम्या मुळात व्होकेशनल डिस्ट्रिक्टच्या. मॉरिसचं मुख्य केंद्र डेन्व्हिलला. आपल्याकडच्या आयटीआयचाच प्रकार : वेल्डिंग, सुतारकाम, मोटार दुरुस्ती, केशरचना. नव्वदच्या दशकापासून न्यू जर्सीच्या काउंट्यांनी त्याच छत्राखाली निवडक मुलांच्या शाळा काढल्या. बर्गन काउंटी अकॅडमीज, मॉनमथमधली हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल ही त्यातली नावाजलेली. ज्या कायद्याने मजुराच्या मुलाला हातात कसब मिळावं म्हणून पैसा उभा केला, त्याच पैशावर इंजिनिअरच्या मुलाला इंजिनिअर करायचा कारखाना चालतो. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही, पण आपण आयटीआयच्या प्रवेशासाठी एवढा जीव टाकतो, हे आजीला कळलं तर ती हसेल.

"कुणाची जागा घेतोय का" याचं उत्तर दोन तुकड्यांत देतो.

एक : जागा मोजक्या असल्या की कुणीतरी घेणार आणि कुणीतरी मुकणार, त्यात तुमच्या मुलाचा काही अपराध नाही. तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर अमेरिकेच्या इतिहासाचं ओझं ठेवू नका. क्लास बंद केल्याने डोव्हरच्या मुलाला जागा मिळत नाही; ती क्लासमधल्या पुढच्या मुलाला मिळते.

दोन : ती जागा तुम्ही समजता तेवढी मोलाची नाही. अतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षेवाल्या शाळा तपासल्या. (पाठक आडनाव वाचून लगेच कोथरूडचा समजू नका, त्यांचे आईवडील नेपाळचे.) त्यांनी कट-ऑफच्या जेमतेम वर राहिलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं घेतली. दोघांत एक-दोन प्रश्नांचा फरक, बाकी सगळं सारखं. वरचा नामांकित शाळेत गेला, खालचा त्याहून कमी नावाजलेल्या शाळेत. काही वर्षांनी दोघांचे परीक्षेतले गुण आणि कॉलेजची प्रगती जवळजवळ सारखीच निघाली. नामांकित शाळेतली मुलं पुढे चमकतात ती बहुतांशी आधीपासूनच तशी असतात म्हणून; शाळेने घातलेली भर थोडी. हा निष्कर्ष काठावरच्या मुलांपुरता आहे. पण क्लासला जाणारी बहुतेक मुलं काठावरचीच असतात, म्हणून आपल्याला तोच लागू. पार्सिपनी हाय किंवा पार्सिपनी हिल्सला गेलेला मुलगा वाया गेला असं समजणाऱ्या पालकांनी हा निबंध फ्रीजवर लावावा.

मग वर्णांतली दरी कशाने कमी होते? मला वाटतं, मुलं शाळेकडे यायची वाट बघण्यापेक्षा शाळेने मुलांकडे गेलं की. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत हुशार मुलांच्या खास वर्गासाठी शिक्षक किंवा पालक नाव सुचवत. २००५ साली काउंटीने दुसरीतल्या झाडून सगळ्या मुलांची चाचणी घेतली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी त्याचा अभ्यास केला. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचा टक्का एकदम वर गेला. ती मुलं आधीही तितकीच हुशार होती, त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं एवढंच. पुढे पैशाअभावी ही चाचणी आटोपती घेतल्यावर टक्का पुन्हा खाली आला. मुलाला सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट माझ्याकडे नाही.

प्रश्न : मी उदगीरचा निवृत्त शिक्षक, सध्या मुलीकडे पार्सिपनीत मुक्काम. जावयांच्या मित्रमंडळीत व्हर्जिनियाच्या एका शाळेवरून चर्चा रंगली. इथेही आता आरक्षण आलं म्हणतात. हे आपल्यासारखंच का?
— एक आजोबा

उत्तर : गुरुजी, आपल्यासारखं नाही. वर्णाप्रमाणे राखीव जागा ठेवायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच, 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यात, मनाई केली. त्यानंतर कॉलेजांना वर्णाचा 'विचार' करता यायचा, तोही २०२३ च्या जूनमध्ये हार्वर्डच्या खटल्यात संपला. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापुरात सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांना दिल्या, तसा हुकूम इथे कुणी काढला तर तो दुसऱ्या दिवशी कोर्टात पडेल.

चर्चा चालली होती ती थॉमस जेफरसन हायस्कूलबद्दल असणार, फेअरफॅक्स काउंटीतलं. २०२० साली तिथल्या बोर्डाने प्रवेश परीक्षा आणि १०० डॉलरची अर्जाची फी काढून टाकली. जागा ४८० वरून ५५० केल्या आणि काउंटीतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांना जागा राखली. अर्ज तपासणाऱ्याला मुलाचं नाव किंवा वर्ण कळत नाही. तरी आशियाई मुलांचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला आणि पालक कोर्टात गेले. २०२३ मध्ये अपील कोर्टाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला, फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो यांनी त्यावर कडक असहमती नोंदवली आहे, म्हणजे हा विषय पुन्हा निघणार.

अपील कोर्टाच्या निकालपत्रातला एक आकडा मात्र आपल्या मित्रमंडळींनी बहुतेक वाचलेला नाही. जुन्या पद्धतीने २०२० साली निवडलेल्यांत गरीब घरातलं आशियाई मूल फक्त १ होतं. नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी ती ५१ झाली. "आशियाईंवर अन्याय" म्हणताना कोणते आशियाई, हे विचारावं लागतं.

याचं आपल्याकडचं भावंड म्हणजे नवोदय विद्यालय, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या हातून कितीतरी मुलं त्या परीक्षेला गेली असतील. पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीत निघालं. सहावीच्या जागांपैकी निदान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा. परीक्षा ठेवली, पण प्रत्येक जिल्ह्याची शर्यत जिल्ह्यापुरती ठेवली. गडचिरोलीच्या मुलाला पुण्याच्या मुलाशी लढावं लागत नाही. जेफरसनचा दीड टक्का हाच विचार करतो.

पण प्रदेशनिहाय वाटणी नेहमी गरिबाच्याच कामी येते असंही नाही, आणि हे मराठवाड्याच्या माणसाइतकं कुणाला कळणार? मेडिकलच्या प्रवेशाला ७०:३० चं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के सबंध राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि लातूर पॅटर्नमधून तयार झालेली मुलं भरपूर. जास्त गुण मिळवूनही उदगीरचा मुलगा बाहेर आणि कमी गुणांचा मुंबईचा मुलगा आत, असं व्हायचं. २०२० च्या सप्टेंबरात वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ते सूत्र रद्द केलं, तेव्हा तुमच्याकडे पेढे वाटले गेले असतील. तिथे वाटणी मोडली म्हणून न्याय झाला, फेअरफॅक्समध्ये वाटणी केली म्हणून गरिबाला दार उघडलं. फरक असा की लातूरने क्लासच्या जोरावर गुणांत बाजी मारली होती आणि कमी पडत होत्या त्या जागा. फेअरफॅक्समध्ये जागा आणि क्लास दोन्ही रेचल कार्सनसारख्या मोजक्या माध्यमिक शाळांच्या आसपास एकवटले होते. सूत्र न्याय्य की अन्याय्य हे ते कुठे लावलं त्यावर ठरतं. जावईबापूंच्या मित्रांत कुणी लातूरचं असेल तर त्यांना हे दोन दाखले एकत्र ठेवून बोलतं करा. चर्चा जेवणानंतरही चालेल.

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. क्लास आतापासून लावावा का?
— एक बाबा, लेक हायवाथा

उत्तर : पाचवीत क्लासपेक्षा एक काम महत्त्वाचं. सहावीत गणिताच्या कोणत्या पातळीला बसवणार, ते कशावरून ठरतं आणि ते बदलून घेता येतं का, हे शाळेला लेखी विचारा. आठवीपर्यंत ॲल्जिब्रा झाला की नाही याचं मूळ बहुधा त्या एका निर्णयात असतं, आणि नंतर कितीही रविवार घातले तरी ते अंतर भरून काढायला त्रास होतो. उत्तर मिळालं की ते शाळेच्या पालक संघटनेच्या बैठकीत मोठ्याने विचारून इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये सगळ्या पालकांना पाठवायला लावा. नुसतं आपल्या मराठी ग्रुपवर टाकू नका.

परीक्षेच्या स्वरूपाची ओळख व्हायला आठवीच्या आधीची उन्हाळी सुट्टी आणि काही सराव पेपर पुरतात. घड्याळ लावून, ओट्यावर नाही, टेबलावर बसून सोडवायचे. मुलीला गणित आवडत असेल आणि शाळेत कंटाळा येत असेल तर क्लास जरूर लावा, तिला तिथे सोबत मिळेल. शेजारच्यांनी लावला म्हणून लावणार असाल तर ते पैसे ठेवून द्या. काउंटीच्या अकॅडम्यांचे अर्ज आठवीच्या वर्षात भरायचे असतात. दर वर्षीच्या तारखा आणि निवडीचे नियम डेन्व्हिलच्या कार्यालयात आणि तुमच्या माध्यमिक शाळेच्या काउन्सेलरकडे मिळतात, तेही फुकट.